पाटणचा दरबार चौक खालून वर बघताना

काठमांडूहून बागमती ओलांडून दक्षिणेला आलं की पाटण सुरू होतं. साताऱ्याचं नव्हे, गुजरातेतलंही नव्हे. सरकारी कागदांत ज्याचं नाव ललितपूर आहे आणि मूळचे नेवार लोक आपसांत ज्याला यल म्हणतात, ते हे शहर. त्याच्या मधोमध दरबार चौक आहे. चौक म्हटलं तरी आकार चौकोनी नाही; उत्तर-दक्षिण पसरलेली एक लांबट पट्टी आहे. पूर्वेला मल्ल राजांचा सलग राजवाडा, पश्चिमेला एकापाठोपाठ एक देवळं आणि मधून वाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला काही मिनिटं पुरतात.

अडचण चालण्याची नाही, उमजण्याची आहे. गाइड देवळाचं नाव, राजाचं नाव आणि साल सांगत पुढे जातो. तिसऱ्या देवळापर्यंत सगळं लक्षात राहतं. पाचव्यापाशी सिद्धिनरसिंह कोण आणि श्रीनिवास कोण याचा गोंधळ होतो. मग माणूस ऐकणं सोडून फोटो काढू लागतो. म्हणून वेगळा क्रम सुचवतो. राजांची यादी थोडा वेळ बाजूला ठेवा आणि चौक खालून वर बघा. आधी माती आणि पाणी, मग वीट, लाकूड, दगड. देव आणि राजे त्यानंतर. इथं जे काही उभं आहे ते पायाखालच्या मातीमुळे उभं आहे, आणि जे पडलं त्यातही त्या मातीचा हात आहे.

तळ्याचा तळ

काठमांडू खोरं समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटर उंचीवर आहे. फार पूर्वी हा एक मोठा तलाव होता. कथा अशी की मंजुश्री बोधिसत्त्वानं चोभारपाशी तलवारीनं डोंगर चिरला आणि पाणी वाहून गेलं. भूशास्त्रज्ञांना तलाव मान्य आहे, तलवार तेवढी नाही. पाणी गेलं तरी गाळ मागे राहिला. तो थोडाथोडका नाही. खोऱ्याच्या मध्यभागी त्याची जाडी काही शे मीटर भरते. या काळ्या चिकणमातीला तिथं कालीमाटी म्हणतात, आणि काठमांडूत त्याच नावाचा एक भागही आहे.

या गाळानं तीन गोष्टी केल्या. पहिली, भातशेती जोमदार झाली आणि एवढ्याशा खोऱ्यात तीन राजधान्या पोसल्या गेल्या. दुसरी, उत्तम वीट भाजता आली. तिसरी गोष्ट वाईट: भूकंपाच्या लाटा अशा मऊ गाळात शिरल्या की अडकतात, तिथंच पुन्हा पुन्हा आपटतात आणि हादरा वाढतो. या तिसऱ्या गोष्टीकडे नंतर येऊ.

पोट भरण्यापुरतं भातानं दिलं. सोन्याच्या मुलाम्याचे दरवाजे भातावर होत नाहीत. तो पैसा तिबेटच्या व्यापारातून आला. भारतातून हिमालयापलीकडे जाणारी वाट या खोऱ्यातून जायची. नेवार व्यापारी ल्हासात पेढ्या थाटून राहायचे. शिवाय मल्ल राजे तिबेटसाठी नाणी पाडून द्यायचे: तिबेटातून चांदी यायची, इथून नाणी जायची आणि मधला नफा टांकसाळीत राहायचा. चौकाच्या उत्तर टोकाला श्रीनिवास मल्लानं १६८० मध्ये बांधलेलं तीन छपरांचं देऊळ आहे, ते भीमसेनाचं. महाभारतातला भीम इथं व्यापाऱ्यांचा देव झाला आहे. राजवाड्यासमोरच्या मोक्याच्या जागी व्यापाऱ्यांच्या देवाला स्थान मिळालं, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

चौकापेक्षा जुनं पाणी

भीमसेनाच्या देवळासमोर, राजवाड्याच्या उत्तर कोपऱ्याला, जमिनीत एक खड्डा दिसेल. पायऱ्या उतरून खाली गेलं की दगडी मकरांच्या तोंडातून तीन धारा पडत असतात. ही मंगहिटी. हिटी म्हणजे दगडी धारांचं पाणवठ्याचं ठिकाण. नेपाळीत ढुंगे धारा. मंगहिटी लिच्छवी काळातली, म्हणजे मल्लांच्या आधीच्या राजघराण्याच्या वेळची, इसवी सन ५७० च्या सुमाराची आहे. म्हणजे चौकातल्या सगळ्यात जुन्या देवळापेक्षा जवळपास हजार वर्षांनी मोठी. भोवतीची देवळं, राजवाडा, राजे हे सगळं नंतर आलं. पाटण पाहायला सुरुवात कुठून करायची, याचं उत्तर म्हणून मी इथंच बोट दाखवतो.

नळ चालू-बंद करायची सोय नसताना ही धार वाहती कशी राहते? डोंगराकडच्या ओढ्यांचं पाणी राजकुलो नावाच्या कालव्यांतून शहराकडे आणलं जायचं. वाटेत ते शेतांना मिळायचं आणि उरलेलं शहराच्या कडेच्या तळ्यांत साठायचं. तळ्यांचा खरा उपयोग पाणी जमिनीत मुरवण्याचा. वाळूच्या थरात पाणी झिरपतं. खाली चिकणमातीचा थर असल्यानं ते आणखी खोल जात नाही, आडवं सरकतं. हिटी मुद्दाम जमिनीच्या पातळीखाली खणलेली असते, म्हणजे हे आडवं सरकणारं पाणी उतारानं आपोआप तिथवर पोचतं. धारेच्या मागे वाळू-खडीतून गाळून आणणारे बंदिस्त पाट असतात. पंप नाही, चाक नाही. पायऱ्या खाली का उतरतात याचं उत्तर एवढंच: पाणी वर चढवायचं नव्हतं, म्हणून माणसं खाली उतरतात.

ही साखळी कुठेही तुटली की धार आटते. खोऱ्यातल्या बऱ्याच हिट्या गेल्या काही दशकांत आटल्या, कारण राजकुलो बुजले, तळ्यांवर इमारती आल्या, खोल पायांनी पाट कापले गेले आणि विंधन विहिरींनी भूजल ओढून घेतलं. मंगहिटी मात्र अजून वाहते. सकाळी गेलात तर कळश्या आणि प्लास्टिकचे कॅन घेतलेली रांग दिसेल. फोटो काढायचा असेल तर जरा बाजूला उभं राहून काढा. पाणी भरणाऱ्यांना घाई असते.

हिटीच्या काठावर दोन खुले लाकडी मंडप आहेत. ते मणिमंडप, साधारण १७०० च्या आसपासचे, योगनरेंद्र मल्लाच्या काळातले. रातो मच्छिंद्रनाथाच्या रथयात्रेचा मुहूर्त ज्योतिषी इथं बसून काढत आले आहेत. रातो मच्छिंद्रनाथ हा पावसाचा देव. त्याचा लाकूड-वेताचा उंचच उंच रथ पावसाळ्याच्या तोंडावर पाटणच्या गल्ल्यांतून ओढला जातो. बौद्ध त्याला करुणामय लोकेश्वर मानतात, हिंदू मच्छिंद्रनाथ, आणि मूर्ती एकच. देव हिंदू की बौद्ध हा प्रश्न पाटणमध्ये विचारला तर लोक जरा गमतीनं बघतात.

वीट, लाकूड आणि पाऊस

आता डोकं वर करा. उतरत्या छपरांची ही देवळं बघून पुष्कळांना चीन-जपान आठवतं. कारागीर मात्र इथून तिकडे गेले. अरनिको नावाचा नेवार कलाकार तेराव्या शतकात आधी तिबेटात आणि तिथून कुब्लाई खानाच्या दरबारात पोचला; बीजिंगमधला पांढरा स्तूप त्याचं काम आहे. पॅगोड्याचा उगम नेमका कुठला यावर अभ्यासकांचे वाद आहेत. तो वाद तसाच ठेवून आपण समोरचं देऊळ टिकतं कसं ते बघू.

पहिली गोष्ट, भिंत मातीत बांधलेली आहे. विटांच्या मधे चुना किंवा सिमेंट नाही, साधी चिकणमाती आहे. ऐकायला कच्चं वाटेल, पण यात फायदे आहेत: भिंत थोडी हलू शकते, ओल बाहेर टाकू शकते, आणि पडलीच तर वीट न फुटता सुटी होते व पुन्हा वापरता येते. तोटा एकच आणि मोठा आहे. पाऊस आत गेला की माती धुऊन जाते. बाकीची रचना बरीचशी या एका तोट्याला उत्तर म्हणून घडलेली दिसते.

छप्पर भिंतीच्या बाहेर इतकं का झुकलंय? पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून. एवढं बाहेर आलेलं छप्पर पेलणार कोण? त्यासाठी भिंतीपासून छपराच्या कडेपर्यंत तिरपे लाकडी टेकू दिले आहेत. त्यांना टुंडाल म्हणतात. देवदेवता कोरलेल्या या टुंडाली बघायला लोक येतात, पण त्या मुळात भार वाहणारे अवयव आहेत. जोतं पायऱ्यापायऱ्यांनी उंच का? जमिनीची ओल भिंतीपर्यंत चढू नये म्हणून. समोरच्या भिंतीची लालसर वीट निरखून बघा. दोन विटांमधली दर्ज जवळपास दिसतच नाही. या विटेचा आकार पाचरीसारखा असतो. दर्शनी कडा एकमेकींना चिकटतात आणि माती मागच्या फटीत राहते, म्हणजे पावसाला धुवायला ती सापडतच नाही. तिला दाची अप्पा म्हणतात. आतली वीट साधी असते, आणि दोन्हींच्या मधे तुकडे व माती भरलेली असते. हा तीन थरांचा मामला लक्षात ठेवा.

खिडक्यांकडे बघताना नक्षीत अडकून पडायला होतं. जरा चौकटीकडे बघा. वरची आणि खालची पट्टी खिडकीच्या रुंदीपेक्षा कितीतरी लांब असते आणि दोन्ही बाजूंना भिंतीत घुसलेली असते. चौकटही एकेरी नाही. बाहेरची एक, आतली एक, आणि दोघींना जोडणारी लाकडं. खिडकी अशी भिंतीच्या थरांना आवळून धरते. साल वृक्षाचं जड लाकूड, खिळ्यांऐवजी खुंट्या आणि पाचरी. त्यामुळे सगळं खोलून पुन्हा जोडता येतं.

वरच्या मजल्यांवर काय असतं, असं लोक विचारतात. बहुतेक देवळांत काहीच नाही. भीमसेनाची मूर्ती वर आहे, तो अपवाद.

टुंडालींवर खालच्या भागात कामक्रीडेची शिल्पं दिसतात. गाइड हमखास सांगतील की वीज ही लाजरी कुमारिका आहे, ती हे बघून परत फिरते, म्हणून देवळावर वीज पडत नाही. गोष्ट छान आहे, पण मला ती पर्यटकांच्या सोयीची वाटते. तांत्रिक उपासना या खोऱ्यात राजघराण्यापासून गल्लीतल्या विहारापर्यंत सगळीकडे मुरलेली होती. ही शिल्पं तिच्या शेजारी ठेवून बघितली तर अधिक समजतात.

पाऊस काय करू शकतो याचा पुरावा भीमसेनाच्या शेजारीच आहे. दोन दगडी हत्ती दारात असलेलं विश्वनाथाचं देऊळ सिद्धिनरसिंह मल्लानं १६२७ मध्ये बांधलं. ते १९९० च्या पावसाळ्यात कोसळलं. भूकंप नव्हता, नुसता पाऊस. नंतर ते पुन्हा उभारलं. आज बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

मधेच एक दगडी देऊळ

विटा-लाकडाच्या रांगेत कृष्णमंदिर एकदम वेगळं उठून दिसतं. सिद्धिनरसिंह मल्लाचंच, १६३७ सालचं. सगळं दगडाचं, उत्तर भारतीय शिखराच्या वळणाचं आणि वर एकवीस कळस. राजाला राजवाड्यासमोर राधा-कृष्ण उभे असल्याचं स्वप्न पडलं आणि त्या जागी त्यानं देऊळ बांधलं, अशी आख्यायिका आहे. समोर उंच खांबावर गरुड हात जोडून बसला आहे.

इथं थांबा. चौकात एकाच ठिकाणी जास्त वेळ द्यायचा तर तो मी इथं देईन. पहिल्या मजल्याभोवती दगडी पट्टीवर महाभारतातले प्रसंग कोरले आहेत, त्यावरच्या मजल्यावर रामायणातले. प्रसंगाखाली नेवारीत दोन शब्दांत तो कोणता ते लिहिलंय. लिपी वाचता आली नाही तरी प्रसंग ओळखता येतात. लहानपणी गोष्टी ऐकलेल्या मराठी माणसाला यासाठी गाइड लागत नाही. आत एका मजल्यावर कृष्ण, वर शिव आणि त्याहून वर लोकेश्वर, म्हणजे पुन्हा बौद्ध. वर जायला फक्त हिंदूंना परवानगी असते, आणि तीही पुजाऱ्याच्या सोयीनं.

कोनशिलांवरची सालं बघून गोंधळायला होतं, म्हणून एक हिशेब सांगतो. मल्लकालीन लेखांत नेपाळ संवत असतो. तो इसवी सन ८७९ मध्ये सुरू झाला, म्हणून त्यात साधारण ८८० मिळवायचे: कृष्णमंदिराचं ७५७ साल म्हणजे १६३७. आजच्या पाट्यांवर विक्रम संवत असतो, त्यातून ५७ वजा करायचे.

तीन राजे, तीन चौक

कृष्णमंदिरानंतर चार नारायणाचं, म्हणजे जगन्नारायणाचं देऊळ लागतं. हे चौकातलं सगळ्यात जुनं, सोळाव्या शतकातलं. मग उंच खांबावर बसलेला सोनेरी राजा. हा योगनरेंद्र मल्ल, १६८४ ते १७०५ या काळातला. डोक्यावर नागाचा फणा आणि फण्यावर इवलासा पक्षी. लोक सांगतात की जोवर हा पक्षी उडून गेला नाही तोवर राजा परत येऊ शकतो. म्हणून राजवाड्यात त्याच्यासाठी एक दार उघडं ठेवायचे आणि हुक्काही भरून ठेवायचे. पुढे हरिशंकराचं देऊळ, एक भलीमोठी घंटा आणि दक्षिण टोकाला अष्टकोनी दगडी कृष्णमंदिर. ते १७२३ मध्ये योगमती या राजकन्येनं आपल्या मुलाच्या स्मरणार्थ बांधलं.

काठमांडू आणि भक्तपूर आधी बघून आला असाल तर इथं ओळखीचं वाटू लागेल. तिथंही खांबावर राजा, तिथंही तलेजू या कुलदेवतेची घंटा, तिथंही राजवाड्यासमोर देवळांची दाटी. कारण सरळ आहे. यक्ष मल्ल १४८२ मध्ये वारला आणि त्याच्या वारसांत राज्य फुटून काठमांडू, पाटण, भक्तपूर अशी तीन राज्यं झाली. तिन्ही राजे एकमेकांचे भाऊबंद, आणि एका दिवसात पायी गाठता येतील एवढ्या अंतरावर. भाऊबंदकी म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. लढाया झाल्याच, पण चढाओढ बांधकामातही उतरली. काठमांडूत प्रताप मल्ल खांबावर चढला, पाटणमध्ये योगनरेंद्र, भक्तपुरात भूपतींद्र. शेवटी १७६८-६९ मध्ये गोरख्याच्या पृथ्वीनारायण शहानं तिघांनाही जिंकलं आणि राजधानी काठमांडूत नेली. पाटण मागे पडलं. मल्लकाळाचा शिक्का इथं इतका ठळक राहिला, त्याचं हेही एक कारण आहे: नव्या राजांना पाटणमध्ये मिरवायचं नव्हतं.

राजवाड्याच्या आत

पुण्या-साताऱ्याचे जुने वाडे पाहिले असतील तर या राजवाड्याची मांडणी लगेच कळेल: बाहेरून बंद दिसणारी भिंत आणि आत एकामागून एक चौक. इथं असे तीन प्रमुख आहेत. उत्तरेचा केशवनारायण चौक, मधला मूल चौक आणि दक्षिणेचा सुंदरी चौक.

मूल चौक श्रीनिवास मल्लानं १६६६ मध्ये बांधला. तिथं तलेजू भवानीच्या दाराच्या दोन बाजूंना मकरावर उभी गंगा आणि कासवावर उभी यमुना आहे. तलेजू ही मल्लांची कुलदेवता. ती तिरहुतच्या सिम्रौनगढहून आली अशी परंपरा आहे; १३२४ मध्ये तुघलकांच्या स्वारीनंतर तिथला राजा हरिसिंहदेव परागंदा झाला आणि त्याच्या कुटुंबाबरोबर देवी खोऱ्यात पोचली. ते घराणं स्वतःला कर्णाट म्हणवायचं आणि मूळ दक्षिणेतलं मानायचं. हे वाचताना तुळजाभवानी आठवणं साहजिक आहे. दोघी राजघराण्यांच्या लढाऊ कुलदेवता, एवढं साम्य खरंच आहे. पुढचं नातं जोडायची घाई मात्र मी करणार नाही.

सुंदरी चौकाच्या दारात गणपती, मारुती आणि नरसिंह आहेत. आत तुशाहिटी, राजाचं स्नानगृह. लंबगोल दगडी कुंडाच्या भिंतीवर अष्टमातृका, भैरव आणि नाग अशा मूर्तींची गर्दी आहे. बाहेर मंगहिटीवर गाव पाणी भरतं, आत त्याच पद्धतीच्या हिटीवर राजा आंघोळ करायचा. बांधणीचं तत्त्व एकच, फरक कोरीवकामाच्या खर्चाचा.

केशवनारायण चौकात पाटण संग्रहालय आहे. ऑस्ट्रियाच्या मदतीनं इमारतीची दुरुस्ती होऊन ते १९९७ मध्ये उघडलं. संग्रहालय म्हटलं की कंटाळा येणाऱ्यांनीही इथं जावं. मूर्तीच्या हातातल्या वस्तूंवरून आणि हातांच्या मुद्रांवरून देव कसा ओळखायचा, ते इथं नीट मांडलंय. धातूची मूर्ती कशी ओततात तेही दाखवलंय: आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे लेप, मग तापवून मेण वितळून काढायचं आणि त्या पोकळीत तांबं ओतायचं. साचा फोडावाच लागतो, त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकुलती एक. हे काम पाटणच्या गल्ल्यांत शाक्य घराणी अजून करतात. बाहेर पडल्यावर हातोडीचा आवाज येईल तिकडे वळा.

पडणं आणि उभं राहणं

२५ एप्रिल २०१५, शनिवार, दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. नेपाळभरात सुमारे ९,००० माणसं गेली. या चौकात चार नारायण आणि हरिशंकर ही देवळं जमीनदोस्त झाली, मणिमंडप पडले, खांबावरचा योगनरेंद्र खाली आला. कृष्णमंदिराला तडे गेले, पण ते उभं राहिलं. भीमसेन आणि विश्वनाथही जखमी होऊन टिकले.

हे का पडलं आणि ते का नाही? आधी सांगितलेल्या गोष्टी इथं एकत्र येतात. गाळानं हादरा वाढवला, पण त्या दिवशीची हालचाल संथ होती. खोऱ्यात मोजलेल्या लाटेचं एक हेलकावणं चार-पाच सेकंदांचं भरलं. असा झोका उंच इमारतींना जास्त झोडपतो, बुटक्यांना कमी. म्हणून अनेक जुनी घरं भीतीच्या मानानं वाचली. देवळांचं दुखणं आणखी वेगळं. कौलांखाली मातीचा थर असल्यानं छप्पर फार जड. ते गळू लागलं की भिंतीतली माती धुपते, टुंडालींची आणि तुळयांची आत लपलेली टोकं कुजतात. भिंतीचे तीन थर एकमेकांपासून सुटतात. हरिशंकराच्या देवळाचा तळमजला खांबांवर तोललेला होता. हादरा बसल्यावर वरचं सगळं वजन त्या खांबांवर आलं.

म्हणून ‘जुनी पद्धत भूकंपात टिकत नाही’ असं म्हणणं मला अर्धवट वाटतं. काठमांडूतला काष्ठमंडप हा जुना लाकडी मंडप २०१५ मध्ये पडला, तेव्हा पुरातत्त्वज्ञांनी खाली खणून बघितलं. पाया शाबूत होता, आणि तो मानत होते त्याहून कितीतरी जुना, सातव्या शतकातला निघाला. पायानं दगा दिला नव्हता. घात झाला तो वरच्या देखभालीत.

पाटणकरांनी त्या दिवसांत एक शहाणपणाचं काम केलं. ढिगारे यंत्रांनी उचलून टाकण्याआधी रहिवासी, पोलीस आणि सैनिकांनी कोरीव लाकडं हातांनी वेचून राजवाड्याच्या आवारात रचून ठेवली. खुंट्या-पाचरींच्या रचनेमुळे तुळया आणि टुंडाली बऱ्याच अंशी अखंड निघाल्या. मग काठमांडू व्हॅली प्रिझर्व्हेशन ट्रस्टसारख्या संस्थांनी स्थानिक कारागिरांबरोबर त्या ओळखून, कुजलेल्या जागी नवं लाकूड सांधून देवळं पुन्हा उभी केली.

यावर कडाक्याचा वाद झाला, अजून होतो. एक बाजू म्हणते, मातीची भिंत मातीतच बांधा, पोलाद नको. दुसरी म्हणते, पुन्हा पडून माणसं मरणार असतील तर शुद्धतेचं काय करायचं? पाटणमध्ये साधारण मधली वाट निघाली: जुनी लाकडं आणि विटा जास्तीत जास्त वापरायच्या आणि न दिसेल अशा ठिकाणी पोलादी पट्ट्यांनी बांधून घ्यायचं. मला ती पटते. आणि ‘मग हे देऊळ अस्सल म्हणायचं का?’ या प्रश्नाला इथं मुळात फारसं वजन नाही. १९३४ च्या भूकंपातही खोऱ्यातली पुष्कळ देवळं पडून उठली होती. युरोपात जुना दगड तसाच राहण्याला महत्त्व. १९९४ मध्ये जपानातल्या नारा इथं तज्ज्ञांनी मान्य केलं की अस्सलपणा प्रत्येक संस्कृतीत वेगळ्या गोष्टींत असू शकतो. पाटणमध्ये तो कोरणाऱ्या हातांत आहे. ते हात शेजारच्या गल्लीत होते म्हणून देवळं उभी राहिली.

खर्च कोण करतं

दरवर्षी छपरावरचं गवत काढायचं, फुटलेलं कौल बदलायचं, दिव्याला तेल घालायचं, उत्सवाला वाजवणारे बोलवायचे. या कामांसाठी खोऱ्यात गुठी नावाची व्यवस्था होती. देवळाच्या नावे शेतजमीन द्यायची, तिच्या उत्पन्नातून ठरावीक घराण्यांनी ठरावीक काम करायचं. आपल्याकडचं देवस्थान इनाम डोळ्यांसमोर आणा. फरक असा की गुठी अंत्यविधीपासून जेवणावळीपर्यंत समाजाची बरीच कामं सांभाळते.

१९६४ मध्ये गुठी संस्थान हे सरकारी महामंडळ आलं, त्याच सुमारास जमीन सुधारणा झाल्या, आणि पुष्कळ गुठींचं उत्पन्न आटलं. छपरावरचं गवत वाढायला तिथून सुरुवात झाली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. पण गुठी मेलेली नाही. २०१९ मध्ये सरकारनं गुठींचा कारभार बदलणारं विधेयक आणलं तेव्हा नेवार समाज हजारोंनी काठमांडूच्या रस्त्यावर उतरला आणि विधेयक मागे घ्यावं लागलं.

मूर्तींच्या बाबतीतही असंच चिवटपण दिसतं. पाटणच्या पाटको टोल या वस्तीतली लक्ष्मी-नारायणाची दगडी मूर्ती १९८४ मध्ये चोरीला गेली. ती पुढे अमेरिकेत डॅलसच्या कलासंग्रहालयात आढळली. इथल्या लोकांनी मधल्या काळात प्रतिकृती बसवून पूजा चालू ठेवली होती. २०२१ मध्ये मूळ मूर्ती परत आली आणि काचेच्या कपाटात न जाता पुन्हा देवळात बसली.

जाणार असाल तर

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असू द्या. चौकाच्या तिकिटाचा दर सार्क देशांतल्या लोकांना इतर परदेशी पर्यटकांपेक्षा बराच कमी असतो. खिडकीवर भारतीय आहोत असं आधीच सांगा. तिकिटात संग्रहालयही येतं का ते तिथंच विचारून घ्या. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. शनिवार तिथली साप्ताहिक सुट्टी, त्या दिवशी देवळांत स्थानिकांची गर्दी असते; निवांत बघायचं असेल तर मधला वार बरा, माणसं बघायची असतील तर शनिवार.

सकाळी लवकर जा आणि मंगहिटीपासून सुरू करा. विटांचे सांधे आणि टुंडाली तिरप्या उन्हात छान दिसतात. ऊन चढलं की राजवाड्यात शिरा. संध्याकाळी पुन्हा बाहेर या, तेव्हा देवळांची जोती शाळा-कॉलेजच्या पोरांनी आणि म्हाताऱ्यांनी भरलेली असतात. बसायला कोणी मनाई करत नाही. ताकद उरली असेल तर उत्तरेला थोडं चाललं की क्वा बहाल हा बौद्ध विहार, ज्याला सगळे सुवर्णमंदिर म्हणतात, आणि त्यापलीकडे पाच छपरांचं कुंभेश्वर हे शिवाचं देऊळ. क्वा बहालात कातडी वस्तू नेऊ देत नाहीत, पट्टासुद्धा.

सण गाठायचा असेल तर दोनच सुचवतो. कृष्णाष्टमीला कृष्णमंदिरापुढे रात्रीपर्यंत दर्शनाची रांग असते. कार्तिकात राजवाड्यासमोरच्या दगडी चौथऱ्यावर कार्तिक नाच होतो. सिद्धिनरसिंह मल्लानं सुरू केलेला, त्यात नरसिंह-हिरण्यकशिपूचा प्रवेश असतो. पुढची जागा हवी असेल तर संध्याकाळ होण्याआधीच जाऊन बसा.